गवतातलं तण

लग्न झाल्यापासून बरेच दिवस माझ्या सासूबाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. भांडण काही नव्हतं, उलट मान फार होता. त्यांच्या माहेरी आणि सासरीही जावयाशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. जावई दिसला की डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते दाराआडून, दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगायचं. सणावाराला येऊन पुरणपोळी खाऊन परत जाणाऱ्या जावयापुरती ही रीत चांगली आहे. पण मी परत जाणारा जावई राहिलो नाही. सासरे गेले आणि मी सासरीच राहायला आलो.

माझं घर उमरखेडचं. तिथे मी मोटारी भरायच्या दुकानात काम करायचो. मोटारी भरणं म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, आतली तार काढून नवी गुंडाळायची. बायको नर्स, आणि तिची नेमणूक तिच्याच गावच्या उपकेंद्रात. महागावपासून गाव फार लांब नाही. ती एकुलती एक. घरी वावर, म्हणजे शेत, चार गाई आणि एकट्या सासूबाई. मोटारी कुठेही भरता येतात, आणि वावर काही उचलून उमरखेडला नेता येत नाही, असा साधा विचार करून मी बॅग भरली. माझ्या आईने डोळे पुसले, मग डब्यात चिवडा भरून दिला.

बायको सकाळी स्कूटीवर निघून जायची. मग दिवसभर घरात दोनच माणसं, मी आणि सासूबाई, आणि त्यातलं एक माणूस दुसऱ्याशी बोलत नाही. सुरुवातीला त्या गाईशी बोलत. मी गोठ्यात असलो की तांबड्या गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "काहून वं, तुले आज ढेप नाई देली का कोणं?" मी मुकाट्याने सरकीची ढेप टाकायचो. पण गाईच्या तोंडून सगळंच सांगता येत नाही. तेव्हा फोन कामाला आला.

एकदा मी मशीनवर चाऱ्याची कुट्टी करत होतो. खिशात फोन वाजला. बायको.

"आई म्हणते, कुट्टी लयच जाडी होऊन राह्यली. गाई निवडून खातीन आन् दांडे टाकून देतीन."

मी वळून पाहिलं. सासूबाई गोठ्याच्या दारातच माझ्याकडे पाठ करून, कानाला फोन लावून उभ्या होत्या.

"त्यांना सांग, बारीक करतो," मी म्हटलं. दोन क्षणांनी दारातून आवाज आला, "बरं बरं." तो मात्र फोनमध्ये.

बायको वैतागायची. "तुमी दोघं मले पोस्टमन समजून राह्यले का? अथी बायका लसीले रांगेत बसल्या हायेत." पण फोन उचलायची.

आमच्या वावरात कापूस आणि तूर असतेच. पण नाल्याकडचा हलक्या जमिनीचा तुकडा सासऱ्यांनी गवताखाली आणला होता. मारवेल गवत. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं, कापलं की पुन्हा फुटतं. सगळा गाव त्यांना हसला होता म्हणतात. आमच्याकडे माणसाचा जन्म पऱ्हाटीतलं, म्हणजे कापसातलं, गवत काढण्यात जातो, आणि हा माणूस मुद्दाम गवत लावतो! पण सासऱ्यांना गाईंचा नाद होता. पावसाळ्यात गवत जोरात असतं आणि तेव्हाच ते वाळवता येत नाही. म्हणून ते कापून, कुट्टी करून, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत दाबून भरायचे आणि तोंड हवाबंद बांधायचे. दीड-दोन महिन्यांनी पिशवी उघडली की आंबूस-गोड वास येतो. त्याला मुरघास म्हणतात, आणि गाई त्याच्यावर तुटून पडतात.

मी आलो त्या वर्षी होळीच्या सुमारास आम्ही अशीच एक पिशवी उघडली. गाई तुटून पडल्या नाहीत. तांबडीने तोंड घातलं, फुर्र केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तरी भुकेपोटी खाल्लं. दोन दिवसांनी फाट्यावरचा चहावाला सकाळी सकाळी किटली घेऊन आमच्या दारात हजर. आमचं दूध त्याच्याकडे जायचं.

"जावाई, हे काय पाजून राह्यले लोकायले? चाहा कडू लागते. साखर टाकून टाकून थकलो मी."

मी घोटभर दूध तोंडात घेतलं. खरंच कडू. गिळल्यावर मागाहून कळणारा, कडुनिंबाच्या काडीसारखा कडूपणा.

सासूबाईंचं निदान तयार होतं. गाईला नजर लागली. त्यांनी मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. सगळ्या घराला ठसका लागला, गाई सोडून. मी आपला पिशवीत हात घालून चाळत बसलो. मोटारीतला बिघाड शोधायचा तर तार सुटी करून पाहावी लागते, तसंच. आणि सापडलं. कुट्टीत पांढऱ्या बारीक फुलांचे तुकडे, गाजरासारख्या पानांचे तुकडे. गाजरगवत. नाव गवत असलं तरी ते गवत नाही. ते रुंद पानांच्या तणांतलं, आणि जनावराच्या पोटात गेलं की दूध कडू करतं. मागच्या पावसाळ्यात सासरे अंथरुणाला खिळलेले होते, वावराकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि जे उगवलं ते सगळं कापून पिशवीत गेलं होतं.

रात्री जेवताना मी ते तुकडे बायकोला दाखवले. आठ दिवसांनी दाराआडून सासूबाईंनी मुलीला सांगितलं, "मी उतरवलं तवापासून कडूपणा कमी झाला म्हणा." कमी झालाच होता. पिशवी संपली होती.

पण मी मनाशी ठरवून टाकलं. आता या वावरात गवताशिवाय काही दिसता कामा नये.

श्रावणात गवत कमरेला लागलं. चार मजूर लावून कापलं. कुट्टी करताना मी मशीनच्या तोंडाशी बसून गाजरगवताचं एकेक झाड वेचून बाजूला फेकलं. पिशव्या भरल्या. वावर नुकतेच केस कापलेल्या डोक्यासारखं दिसत होतं, मुठीएवढे खुंट आणि मधे उघडी जमीन. मग पाऊस आला, पावसामागून ऊन, आणि आठ-दहा दिवसांत सगळं वावर हिरवंगार. मला इतका आनंद झाला की धुऱ्यावर उभा राहून फोटो काढला आणि बायकोला पाठवला. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. खाली लिहिलं, "बघ, कसं फुटलं!"

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. "फोटो मोठा करून पाहा. त्यात गवत कोठी हाय?"

मी फोटो मोठा केला, मग खाली उतरून वाकून पाहिलं. मारवेलचे खुंट आपले हळूहळू, विचार करत करत फुटत होते. एवढे दिवस गवताच्या सावलीत दबलेलं बी मात्र ऊन मिळताच धावत सुटलं होतं. गाजरगवत तर होतंच. शिवाय तरोटा, माठ, गोखरू, दुधी, एकदांडी. जे हिरवं दिसत होतं ते सगळं रुंद पानांचं तण होतं, आणि त्याच्या मधे मारवेल लग्नातल्या अनोळखी पाहुण्यासारखं अंग चोरून उभं.

मी महागावला कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराला सांगितलं, गवत मरायला नको, बाकी सगळं मरायला हवं. त्याने असं औषध असतं म्हणून डबा काढून दिला. रुंद पानांचं तण मरतं, गवताला काही होत नाही. मला ते फार हुशार औषध वाटलं.

"बाजूले पऱ्हाटी हाय का?" त्याने विचारलं.

"आहे. पण धुऱ्याच्या पलीकडे."

"मंग जपून. वारा नसला पाहिजे."

मी हो म्हटलं. पण उमरखेडच्या दुकानात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात वारा म्हणजे पत्रे उडवतो तो. झाडाची पानं हलतात त्याला मी वारा धरत नव्हतो.

तण कोवळं, पण चार पानांवर आलेलं असलं की औषध चांगलं लागतं, म्हणून आणखी थोडे दिवस जाऊ दिले. मग एके दिवशी न्याहारी आटोपून, पाठीवर पंप घेऊन, तोंडाला रुमाल बांधून मी वावरात गेलो. सासूबाई आधीच तिथे होत्या. कोपऱ्यात वाकून तरोट्याचा कोवळा पाला खुडत होत्या. तरोट्याची भाजी त्यांच्या आवडीची. मला पाहून त्यांनी सवयीने पदर ओढला आणि पाठ फिरवली. मी दुसऱ्या टोकाला, कापसाच्या बाजूला गेलो. म्हटलं, त्यांची भाजी खुडून होईपर्यंत इकडून सुरुवात करू.

पंप मारायला लागलो तेव्हा त्यांनी मान वर केली असावी. मला दिसलं ते एवढंच की त्या ताठ उभ्या राहिल्या आणि कमरेचा फोन काढून कानाला लावला. मी माझ्या खिशातला फोन वाजायची वाट पाहिली. वाजला नाही. त्या दिवशी उपकेंद्रात लसीकरण होतं, बायकोचा फोन पर्समध्ये होता, आणि पर्स कपाटात. सासूबाईंनी पुन्हा लावला. फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं. मी आपला दांडा हलवत पुढे सरकत होतो. औषधाचे बारीक थेंब उन्हात चमकत होते, छान दिसत होते, आणि ते कुठे चालले आहेत याकडे माझं लक्ष नव्हतं.

तिसऱ्यांदाही फोन कोणी उचलला नाही. मग सासूबाईंनी ओटीतला पाला जमिनीवर ओतला, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि माझ्या दिशेने धावत सुटल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर, खांद्यावरचा वाऱ्यावर.

"ओ जवाईबापू! थांबा! थांबा ना, बाप्पा! वारा पाहा ना वारा, कोणीकळे चाल्ला! पऱ्हाटी जाईन ना सारी!"

मी इतका दचकलो की हातातला दांडा खाली पडला. कोणी माझ्यावर ओरडलं याचं नवल नव्हतं. त्या आवाजाचं नवल होतं. इतके दिवस मी त्यांचा आवाज भिंतीपलीकडून, फोनमधून, गाईच्या पाठीवरून ऐकला होता. समोरून कधीच नाही.

त्या येऊन पोचल्या आणि आधी पंपाची नळी बंद केली. धाप लागली होती. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. त्यांनी पटकन पदर डोक्यावर घेतला, चेहरा लाल झाला, तोंड फिरवलं. मी म्हटलं, "मामी, मला माहीत नव्हतं."

त्या माझ्याकडे वळल्या.

"आता बोललीच हाय, तं पूर्णच बोलते," त्या म्हणाल्या.

आणि बोलल्या. हे औषध पऱ्हाटीच्या पानावर नुसतं उडालं तरी पुरतं. पानं पसरायचं सोडून देतात, भेंडीच्या पानासारखी, माणसाच्या बोटांसारखी बारीक होतात, फुलं गळतात, बोंडं धरत नाहीत. नाल्यापलीकडच्या शेतकऱ्याने दोन वर्षांपूर्वी मक्यात हेच मारलं आणि शेजारच्या भावाच्या पऱ्हाटीची वाट लावली. दोघे भाऊ अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत. "आन् तुमी तं आपल्याच पऱ्हाटीवर सोडून राह्यले! कोणासंगं भांडायचं मंग? माह्यासंगं?"

"आणि तुमची तरोट्याची भाजी," मी म्हटलं.

"ते तं हायच! मी भाजी तोडून राह्यली आन् तुमी जहर मारून राह्यले." एवढं बोलून त्यांना हसू आलं, आणि ते लपवायला पुन्हा पदर.

संध्याकाळी बायको घाबरीघुबरी होऊन स्कूटीवरून उतरली. आईचे इतके फोन येऊन गेलेले, म्हणजे घरी काहीतरी घडलं. अंगणात तिने पाहिलं तर मी आणि तिची आई समोरासमोर बसून वाद घालत होतो. वारा सकाळी कधी पडतो आणि किती वाजता उठतो, याच्यावर. ती स्कूटीला टेकून तशीच उभी राहिली.

"आई, तू बोलून राह्यली?"

"मंग काय करू? तू फोन नाई उचलत," सासूबाई म्हणाल्या, जणू सगळी चूक मुलीचीच.

पुढचा आठवडा आमचा फार काळजीत गेला. रोज सकाळी आम्ही दोघं धुऱ्यावर जायचो आणि कापसाची पानं पाहायचो. आधी काही दिसेना. मग काठच्या ओळीतल्या झाडांचे शेंडे वळायला लागले. नवी पानं अरुंद, टोकदार, हाताची बोटं एकत्र आवळल्यासारखी. सासूबाई आत शिरल्या, दुसरी ओळ पाहिली, तिसरी पाहिली, आणि मधून हाक मारली, "अथी काई नाई जी! अथी सारं बरोबर हाय!" काठचीच झाडं गेली होती. मागची सगळी पऱ्हाटी हिरवी, पसरलेली, नेहमीसारखी. त्या वेळेवर ओरडल्या नसत्या तर मी दुपारपर्यंत सगळं वावर फवारून, खुशीत घरी येऊन जेवलो असतो.

तण मात्र वाढत होतं. त्याला आमच्या काळजीचं काही नव्हतं. आम्ही तुकड्याची वाटणी केली. कापसाच्या बाजूचा पट्टा आणि नाल्याच्या काठचा पट्टा हाताने निंदायचा, तिथे औषधाचा थेंबही नाही. मधला भाग फवारायचा, पण वारा नसताना, आणि औषध उडणार नाही असा काहीतरी उपाय करून. विहिरीजवळचा कोपरा तरोट्यासाठी राखून ठेवायचा. ही शेवटची अट कोणाची हे सांगायला नको.

निंदणाच्या दिवशी सासूबाई माझे पायमोजे हातात घालून आल्या. उमरखेडहून आणलेले, लग्नातल्या बुटांवरचे. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, कोणाकोणाच्या हातांवर चट्टेच उठतात.

"मामी, ते माझे नवे मोजे आहेत."

"अथी कोणतं लगन हाय?" त्या म्हणाल्या आणि बसल्याही.

पाऊस पडून गेलेला, जमीन ओली, झाडं मुळासकट येत होती. फुलावर यायच्या आत काढायचं, एकदा फुललं की बी पडलंच, हे आम्हा दोघांनाही पाठ झालं होतं. सुरुवातीला आम्ही कामापुरतं बोललो. हे राहिलं, ते राहिलं. मग पट्टा लांब आणि दिवस मोठा असल्यामुळे बोलणं वाढलं. त्यांनी मला सांगितलं की सासऱ्यांनी या गवताचे ठोंब कुठून तरी लांबून ओल्या पोत्यात बांधून एसटीने आणले होते. पोत्यातून पाणी गळून कोणा बाईची साडी भिजली, आणि कंडक्टर त्यांना मधेच उतरवायला निघाला. सासरे म्हणाले, मला उतरवा, पण पोतं जाऊ द्या, फाट्यावर माझी बायको उभी आहे. "आन् मी खरंच उभी होती," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पुढचं झाड मुळासकट उपटलं.

पट्ट्याच्या शेवटी आलो तेव्हा हातातलं काम न थांबवता त्यांनी विचारलं, "जवाईबापू, तुमाले अथी करमते का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खालीच पाहत होत्या.

"पयल्यापासून इचारायचं होतं. पोरीच्या तोंडून कसं इचारू? ते तुमची बायको हाय. तुमी तिले खरं नसतं सांगतलं."

खरं सांगायचं तर सुरुवातीचे महिने करमलं नव्हतं. संध्याकाळी उमरखेडच्या चौकातले मित्र आठवायचे. फाट्यावर कोणी घरजावई म्हणून हसलं की दोन दिवस तिकडे जावंसं वाटायचं नाही. आणि सगळ्यात जास्त खुपायचं ते घरात कोणी माझ्याशी न बोलणं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. शेवटचं सोडून. पण ते त्यांना कळलं असावं.

"मी मान देत होती," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटे, बोलली तं तुमाले हलकं वाटीन."

"मला उलट वाटायचं," मी म्हटलं.

"आता करमते?"

"आता करमतं."

"मंग ते गोखरू काढा, मांगं सोडून आले," त्या म्हणाल्या.

मधल्या भागासाठी मी माझं डोकं चालवलं. पाण्याचा जुना प्लॅस्टिकचा डबा मधून कापला, त्याला भोक पाडून पंपाच्या तोटीवर टोपीसारखा बसवला. औषध आता त्या टोपीखालीच पडत होतं, बाजूला उडत नव्हतं. आधी नुसतं पाणी भरून अंगणात फवारून दाखवलं. सासूबाईंनी टोपीच्या भोवती हात फिरवून पाहिला, हात कोरडा राहिला. "हे बेस केलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. त्यांनी त्या पंपाला लाल चिंधी बांधली, म्हणजे चुकूनसुद्धा तो पंप पऱ्हाटीच्या फवारणीला कोणी नेणार नाही. धुतला तरी नाही.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही वावरात होतो. दव सुकायची वाट पाहिली. सासूबाईंनी देवघरातला वातीचा कापूस आणला होता. त्यातला चिमूटभर पिंजून हवेत सोडायच्या आणि तो कुठे जातो ते पाहायच्या. सरळ खाली पडला की मान हलवायच्या, "मारा." किंचित हलला की हात वर, मी थांबायचो. ऊन चढून कापूस धुऱ्याकडे तरंगायला लागला तेव्हा त्यांनी काम बंद करायला लावलं. राहिलेलं दुसऱ्या दिवशी.

मग पाहायची गंमत. तणाचे दांडे पिळवटले, माना वाकड्या झाल्या, पानं पिवळी पडली. मारवेलला काही म्हणजे काही झालं नाही. डब्यावर लिहिलेले दिवस जाईपर्यंत त्या वावरातली काडीही गाईला घातली नाही, आणि भाजी तर तिथून कधीच नाही. मोठं झालेलं गाजरगवत काही ठिकाणी वाचलं, ते मोजे घालून उपटलं. तोवर मारवेलला जागा आणि ऊन मिळालं, ते आडवं पसरलं, एकमेकांत गुंतलं आणि जमीन झाकली. एकदा जमीन झाकली की तणाचं फारसं चालत नाही. दिवाळीच्या आधी दुसरी कापणी निघाली. नुसतं गवत. मशीनच्या तोंडाशी मी बसलो होतो, पण वेचण्यासारखं फार काही नव्हतं.

आता प्रत्येक कापणीनंतर आम्ही दोघं वावरात फेरी मारतो. तण लहान असतानाच पाहायचं. थोडं असेल तर हाताने, फार असेल तर टोपीचा पंप. सासूबाई आता इतकं बोलतात की मी कधी कधी गोठ्यात जाऊन उगीच मशीन चालू करतो. माझे केस वाढले, मी चहात साखर जास्त घेतो, रस्त्याने जाताना फोनमध्ये पाहतो, सगळं थेट तोंडावर. बायकोची तक्रार की घरून आता तिला कोणी फोन करत नाही.

त्या दिवाळीला माझी आई पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आली. सासूबाईंनीच बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोघी विहिणी वावर पाहायला गेल्या, मी मागे. आईला नुसतं हिंडणं जमत नाही. वावर दिसलं की तिचे हात शिवशिवतात. आयुष्यभर तिने कापसातलं आणि ज्वारीतलं तण काढलं आहे. ती वाकली आणि मारवेलचा एक छानसा ठोंब मुळासकट उपटून धुऱ्यावर फेकला.

"केवढं गवत माजलंय हो तुमच्याकडे," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. विहीण होती, पाहुणी होती. "हो ना बाई, लयच माजलं," त्या म्हणाल्या. आईने बोलता बोलता आणखी दोन-तीन ठोंब उपटले आणि सासूबाई तिच्या जाऊबाईंची चौकशी करत सोबत चालत राहिल्या.

संध्याकाळी आई घरात देवापुढे दिवा लावत असताना सासूबाई मला दिसल्या नाहीत. मी वावराकडे गेलो. त्या खुरपं घेऊन धुऱ्याजवळ बसल्या होत्या. फेकलेले ठोंब गोळा करून, जिथे अजून जमीन उघडी होती तिथे एकेक लावत होत्या. मी बादलीभर पाणी आणलं.

"तुमच्या आईले सांगू नोका," त्या म्हणाल्या, आणि पाणी टाकायला जागा दाखवली.